माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदी: हरवली तर कळायला हवी

तोफखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले साताऱ्याचे सुभेदार मुलाकडे घोडबंदर रोडला राहायला येतात. त्यांना ऐकू कमी येतं. वयामुळे की तोफेच्या आवाजामुळे? वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात ऐकण्याची क्षमता वरच्या पट्टीकडे हळूहळू उतरत जाते. स्फोटाच्या आवाजाने कानाला इजा झाली असेल, तर ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, साधारण ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. उतारवयात दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी नोकरीतल्या तरुणपणीचा ऑडिओग्राम समोर असणं फार मोलाचं ठरतं.

तो बहुतेक वेळा समोर नसतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, एप्रिल २००३ पासून सुरू आहे. योजनेच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, तपासायचं, रेफरल घेऊन नवी मुंबईतल्या एखाद्या खासगी रुग्णालयात जायचं, असा तिचा प्रवास. संगणक दोन्हीकडे आहेत, पण कागद मात्र पिशवीतून फिरतात.

रिपोर्ट स्कॅन करून चढवला की काम झालं, असं वाटतं. संगणकाच्या लेखी ते निव्वळ चित्र असतं. एक लॅब ‘एफबीएस’ लिहिते, दुसरी ‘फास्टिंग ग्लुकोज’. दोन्ही एकच तपासणी आहे हे यंत्राला कळावं म्हणून लॉइंक या पद्धतीत तिला १५५८-६ हा सांकेतांक आहे. आजारांच्या नावांसाठी स्नोमेड ही संकेतसूची, तर संगणकांमधल्या नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी फायर हे मानक. भारताच्या २०१६च्या आरोग्यनोंद मानकांनी लॉइंक आणि स्नोमेड स्वीकारली आहेत. मग पाच वर्षांची साखर एका आलेखात दिसू शकते.

माजी सैनिकांच्या नोंदींचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ‘व्हिस्टा’ या संगणकीय नोंदप्रणालीची मुळं १९७०च्या दशकाच्या अखेरीची. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा विस्थापित माजी सैनिकांच्या नोंदी दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांना उघडता आल्या. कागदी फाइली असत्या तर पाण्यात गेल्या असत्या.

पुढे व्हिस्टाच्या जागी नवी व्यावसायिक प्रणाली आली. ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन इथे सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेल्या तपासण्या आणि रेफरल कुठे पाठवायचे हे प्रणालीला ओळखता आलं नाही, की ते एका ‘अज्ञात रांगेत’ पडत. डॉक्टरला वाटे, पुढे गेलं. सरकारी तपासणीत अशा ११ हजारांहून अधिक मागण्या सापडल्या आणि १४९ रुग्णांना इजा झाल्याचं नोंदवलं गेलं. २०२३ मध्ये विस्तार थांबवावा लागला.

मला हा धडा फार महत्त्वाचा वाटतो. मागणी अडकणं एक वेळ समजू शकतं, पण ती गुपचूप अडकणं जिवावर बेततं.

आपल्याकडे २०२१ पासून १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा डिजिटल आरोग्य खाते क्रमांक, आहे. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दिसतात. ही रचना चांगलीच आहे. मात्र पेन्शनच्या कागदावर आडनाव शेवटी, आधारवर आधी, अशी तफावत असली तर एकच माणूस दोन ठरू शकतो. म्हणून आभा जोडताना लष्करातला सेवा क्रमांकही तपासून घ्यावा आणि लष्करी सेवेतला वैद्यकीय इतिहास, निदान ऑडिओग्राम, उंचीवरची तैनाती आणि जखमा, वाचता येईल अशा स्वरूपात त्याच खात्यात यावा. शिवाय पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरला रोज सकाळी एक यादी दिसावी: कोणाचं रेफरल पोहोचलं नाही, कोणाचा रिपोर्ट आला नाही, आणि आज फोन कोणी करायचा.