बलिदान (बुद्धिबळ)

बुद्धिबळात मोठ्या लाभासाठी आपले प्यादे किंवा मोहरा जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याला मारू देणे, याला बलिदान म्हणतात. नजरचुकीने गमावलेला मोहरा बलिदान ठरत नाही, मग पुढे डाव जिंकला तरीही. प्याद्याला १, घोडा व उंट यांना प्रत्येकी ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ गुण धरण्याचा प्रघात आहे. बलिदान देणारा हे गणित स्वतःहून तोट्यात नेतो, आणि त्या तोट्याची भरपाई पटावर नेमकी कोठून होते हे शोधणे हेच विश्लेषणाचे काम असते.

ऑस्ट्रियन खेळाडू रुडॉल्फ श्पीलमान याने बलिदानाचे खरे आणि लटके असे दोन प्रकार मानले. लटक्या बलिदानात दिलेले परत मिळणार किंवा मात होणार, हे शेवटपर्यंत मोजता येते; खऱ्या बलिदानात हिशेब मध्येच धूसर होतो आणि जोखीम उरते. डावपेची बलिदाने बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडतात.

‘ग्रीक गिफ्ट’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. (पटावरील घरांची नावे ए ते एच हे उभे स्तंभ आणि १ ते ८ या आडव्या रांगा यांवरून घेतली जातात.) पांढऱ्याचा उंट डी-३ वर, घोडा एफ-३ वर व प्यादे ई-५ वर आहे, तर काळ्याचा राजा किल्लेकोट (राजा व हत्ती यांची एकत्रित चाल) करून जी-८ वर बसला आहे आणि त्याच्या रक्षणाचा एफ-६ वरील घोडा हुसकला गेला आहे. उंट एच-७ चे प्यादे मारून शह देतो, राजा उंट मारतो, आणि घोडा जी-५ वर येऊन पुन्हा शह देतो. राजा जी-८ ला परतला, तर वजीर एच-५ वर येतो व एच-७ वर मातेची धमकी उभी राहते. राजा एच-६ वर गेला, तर घोडा सरकताच सी-१ वरील उंटाचा शह बसतो. खरी परीक्षा राजा जी-६ वर चढल्यास होते, आणि घाईने केलेली विश्लेषणे हीच शाखा गाळतात. शिवाय काळ्याला वेळेवर एफ-५ वर उंट आणून एच-७ ला जोर देता आला, तर सारा हल्ला बहुधा फसतो.

बलिदान नाकारले गेले तर काय, हेही तितकेच तपासावे लागते. १९५६ साली न्यूयॉर्क येथे १३ वर्षांचा अमेरिकन खेळाडू बॉबी फिशर याने डोनाल्ड बर्नविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना, वजिरावर हल्ला असूनही १७ व्या चालीत उंट ई-६ वर नेला. बर्नने वजिराचे बलिदान नाकारून तो उंट मारला असता, तर शहांची माळ लागून शेवटी काळा वजीरही एफ-१ वर दिला गेला असता आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात केली असती. बर्नने त्याऐवजी वजीर मारला. फिशरच्या घोड्याने पाठोपाठ शह दिले आणि वजिराच्या बदल्यात त्याला एक हत्ती, दोन उंट व एक प्यादे मिळाले. ४१ व्या चालीवर मात झाली.