काच वितळते लवकर, निवते सावकाश

बांगडी फुटली असं आमची आजी कधी म्हणायची नाही. बांगडी ‘वाढायची’. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे आम्ही पोरं डब्यात साठवायचो आणि दुपारी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचो. तुकडा मधोमध मऊ पडला की दोन्ही टोकं चिमट्यानं वाकवून कडी करायची, कडीत कडी अडकवून साखळी दाराला टांगायची. एकदा घाईघाईत एक गरम कडी मी पाण्याच्या तांब्यात सोडली. तट्‌कन आवाज झाला आणि तांब्याच्या बुडाशी तुकडे पडले.

छत्रपती संभाजीनगरात माझी मावसबहीण विजेच्या भट्टीत काच घडवते. फुंकनळी नाही, ज्वाळा नाही. थंड काच कापायची, मांडायची, भट्टीचं झाकण लावायचं. पुढचं सगळं उष्णता आणि वेळ करतात. तिच्याकडे बसून काम पाहिलं तेव्हा उमगलं, की त्या तांब्यात नेमकं काय घडलं होतं.

बर्फ शून्य अंशाला वितळतो. काचेला असा एक ठरलेला अंश नसतो, कारण तिच्यातले अणू स्फटिकासारखे ओळीनं बसलेले नसतात. गुऱ्हाळातली काकवी निवताना जशी दाट होत जाते, तशी काच निवताना दाट होत होत घट्ट होते, आणि तापवताना तोच प्रवास उलटा होतो. ताई काम करते ते याच उतारावर. खिडकीची साधी काच ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःच्या वजनानं वाकून साच्यात बसते. ८२० च्या सुमारास एकावर एक ठेवलेले दोन थर एकजीव होतात.

मला सर्वांत मोह पडतो तो ६ मिलिमीटरचा. पूर्ण वितळलेल्या काचेला गुरुत्वाकर्षण पसरवू पाहतं आणि पृष्ठताण गोळा करू पाहतो. दोघांची बरोबरी साधारण ६ मिलिमीटर जाडीला होते. म्हणून ३ मिलिमीटरचे दोन थर जिथल्या तिथे राहतात, एकच थर असला तर कडा आत ओढल्या जातात, तीन थर असले तर काच बाहेर पसरते. चित्र कसं मांडायचं हे ताई या हिशोबानं ठरवते.

वितळवणं झालं की भट्टीचा पारा आधी झपाट्यानं उतरू द्यायचा. ७०० च्या घरात काच रेंगाळली तर पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरतात आणि चकाकी जाते. मात्र ५४० च्या आसपास थांबायचं. काच उष्णतेची वाईट वाहक. बाहेरचा भाग आधी निवून घट्ट झाला आणि आतला नंतर आकसला, तर आतला बाहेरच्याला ओढत राहतो. ही ओढ काचेत कायमची कोंडली जाते. म्हणून सगळी काच एका तापमानाला येईपर्यंत तिथेच धरायची आणि मग हळूहळू उतरवायची. याला अनीलिंग म्हणतात. जाडी दुप्पट झाली की या कामाला वेळ चौपट लागतो.

याच टप्प्यात लाइट गेली की ताईचा जीव टांगणीला लागतो. भट्टी इन्व्हर्टरवर चालत नाही. एकच बरं, की न तडकलेला तुकडा पुन्हा सावकाश तापवून अनीलिंग नव्यानं करता येतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला, उत्खननात काचेचे मणी सापडले आहेत. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलं की मी आता मण्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. त्या कारागिरांपाशी तापमापक नव्हता, पण मणी इवलासा असतो. त्याचं आतलं आणि बाहेरचं जवळजवळ बरोबरीनं निवतं. ताटलीला ती मुभा नाही.

आजी गेल्यावर तिच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे ताईनं खिडकीच्या काचेच्या दोन थरांत बसवले. ताटली अखंड निघाली. हिरव्या कमानी पाण्यात तरंगाव्यात तशा दिसत होत्या. चौथ्या रात्री कपाटात ती आपोआप तडकली, आणि प्रत्येक तुकड्याभोवती तडा गेला होता. अनीलिंग नीट झालं होतं. दोष जातीचा होता. बांगडीची काच आणि खिडकीची काच यांची घडण वेगळी, त्यामुळे निवताना आकसणंही वेगळं. कलाकारांसाठीच्या रंगीत काचेत ९० आणि ९६ असे दोन प्रमुख गट असतात. हे आकडे म्हणजे एका अंशाला लांबीच्या एक कोटीव्या भागांत होणारी वाढ. फरक फक्त ६ चा. तरी २० सेंटीमीटर रुंदीच्या ताटलीत, ५०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, दोघींत जेमतेम ०.०६ मिलिमीटरची तफावत पडते. केसाएवढी. घट्ट झालेल्या काचेला एवढीही सोसत नाही.

आता ताई आधी चाचणीची पट्टी भाजते आणि दोन पोलरॉइड फिल्म, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड जाऊ देणारे पातळ पापुद्रे, आडव्या-उभ्या धरून त्यांच्यामधून पाहते. ताण नसेल तर सगळं काळोखं दिसतं. ताण असेल तर जोडाभोवती उजेडाचं कडं उमटतं. आजीच्या बांगड्यांच्या सगळ्या पट्ट्यांत कडं उमटलं.

मग तिनं उष्णता सोसणारा सिरॅमिक तंतूंचा कागद घेतला, त्यावर बांगड्यांचे तुकडे ठेवून कमानी आखल्या, कापल्या आणि काचेच्या खाली मांडल्या. वितळलेली काच त्यांच्यावर बसली आणि तिनं त्यांचा ठसा घेतला. मे महिन्यात मी गेलो तेव्हा भट्टीचा आकडा ४८ वर होता, खोलीतही बेचाळीसएक अंश असतील. ‘‘उघडू का?’’ मी विचारलं. ‘‘अजून थांब जरा,’’ ती म्हणाली. तासाभरानं तिनं ताटली काढली, मागची पांढरी भुकटी ओल्या फडक्यानं पुसली आणि खिडकीशी धरली. काचेत रंग कुठेच नव्हता. नुसत्या पोकळ कमानी होत्या, आजीच्या मनगटाएवढ्या.