कॅव्हॅन्साइट (नामव्युत्पत्ती)

गर्द निळ्या रंगाचे एक दुर्मीळ खनिज. ते अमेरिकेच्या ओरेगन राज्यात ओवायही धरणाजवळ प्रथम आढळले. स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे या संशोधकांनी 1973 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. खनिजांना शोधकाचे किंवा गावाचे नाव देण्याची पद्धत जुनी आहे. येथे मात्र रासायनिक घटकांची आद्याक्षरे जुळवली : कॅल्शियमचा ‘कॅ’, व्हॅनेडियमचे ‘व्हॅन’, सिलिकेटचा ‘सि’ आणि खनिजनामांना लागणारा ‘आइट’ हा ग्रीक वळणाचा प्रत्यय. रासायनिक संघटन (घटकांची जुळणी) कळले की नाव पाठ करावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण.

कॅल्शियम लॅटिन ‘कॅल्क्स’ (चुना) वरून, तर सिलिकेट ‘सिलेक्स’ (गारगोटी) वरून आले. खरी कथा आहे ती मधल्या ‘व्हॅन’ची. खनिजशास्त्रज्ञ आंद्रेस मानुएल देल रिओ यांना 1801 मध्ये मेक्सिकोतील शिशाच्या धातुकात व्हॅनेडियम हे मूलद्रव्य सापडले. त्याच्या लवणांचे नाना रंग पाहून त्यांनी आधी ‘पॅनक्रोमियम’ आणि नंतर, ती तापवल्यावर लाल होतात म्हणून, ‘एरिथ्रोनियम’ हे नाव दिले. परंतु हे क्रोमियमच आहे असा निर्वाळा इतरांनी दिल्याने त्यांनी दावा सोडला. 1830 मध्ये स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ सेफस्ट्रॉम यांना तेच मूलद्रव्य लोहखनिजात पुन्हा गवसले. संयुगांच्या सुंदर रंगांमुळे त्यांनी त्याला व्हॅनडिस, म्हणजे नॉर्स पुराणातील सौंदर्यदेवता फ्रेया, हिचे नाव दिले. पुढच्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी दोन्ही शोध एकाच मूलद्रव्याचे असल्याचे दाखवले, पण देल रिओ यांचे नाव मागे पडले ते पडलेच. कॅव्हॅन्साइटचा निळा रंगही व्हॅनेडियममुळेच येतो, त्यामुळे हे रासायनिक वाटणारे नाव त्याच्या रूपालाही चपखल लागू पडते.

या खनिजाचे सर्वांत नावाजलेले नमुने ओरेगनचे नव्हेत, पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतले. तेथे बेसाल्टच्या पोकळ्यांत, बहुधा स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर, त्याच्या सुईसारख्या स्फटिकांचे गोलाकार झुबके मिळतात.

स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे यांनीच वर्णिलेल्या जोडीदार खनिजाचे नाव मात्र आकारावरून पडले. ‘पेंटागोनाइट’चे रासायनिक संघटन कॅव्हॅन्साइटसारखेच, संरचना तेवढी वेगळी. त्याचे जुळे स्फटिक पंचकोनी ताऱ्यासारखे दिसतात. वाघोलीला दोन्ही खनिजे मिळत असल्याने नुसत्या निळ्या रंगावरून त्यांची ओळख ठरवता येत नाही.