फुगणदाब मापन

माँटमोरिलोनाइटासारखी मृत्तिका खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. ही फुगण थोपवून धरण्यास लागणारा दाब म्हणजे फुगणदाब. तो बहुधा ईडोमीटरने मोजतात. धातूच्या घट्ट कड्यात मातीची चकती बसवतात. तिच्या खाली-वर सच्छिद्र दगड ठेवून पाणी देतात, वरून भार देतात आणि जाडीतील बदल डायल मापकावर वाचतात.

उपकरणाचे नाव ‘सूज’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, जरी त्याचा अधिक वापर माती खचण्याच्या अभ्यासात होतो. त्याचे जनकत्व वादाचे आहे. फ्रान्समध्ये फ्राँतार यांनी १९१० च्या सुमारास पिस्टनखाली मातीवर टप्प्याटप्प्याने भार दिला होता. मृदायांत्रिकीचे प्रवर्तक कार्ल टेर्झागी यांचे प्रयोग इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात १९१९ पासूनचे. मात्र भाराचा किती वाटा पाणी उचलते आणि किती कण, हा उलगडा टेर्झागींचा. त्यामुळे पद्धतीची सुरुवात त्यांच्यापासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मापनाच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत नमुना अल्प भाराखाली पूर्ण फुगू देतात, मग भार दुपटीने वाढवत मूळ जाडीवर आणतात. दुसरीत भार वाढवत त्याला फुगूच देत नाहीत. पहिलीचे उत्तर सहसा जास्त येते, कारण एकदा फुगलेली रचना आणि कड्याचे घर्षण या दोहोंवर मात करावी लागते. दुसरीत उपकरणाची चौकट किंवा नमुन्यालगतचा गाळणकागद किंचित दबला, तरी घट्ट नमुन्याचा दाब बराच कमी दिसतो. रीत न सांगता दिलेला आकडा म्हणूनच तुलनेस निरुपयोगी ठरतो.

फुगण होते ती खनिजाच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरल्याने. एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचे अंतर (थराची जाडी धरून) क्ष-किरण विवर्तनाने कळते. पाण्याचे शून्य, एक, दोन, तीन थर शिरताना ते सुमारे १.०, १.२५, १.५५, १.९ नॅनोमीटर असे पायरीपायरीने वाढते. कॅल्शियमयुक्त माँटमोरिलोनाइट साधारण तेथेच थांबते. सोडियमयुक्त मात्र विरल द्रावणात पुढे फुगत राहते. नॉरिश यांनी १९५४ मध्ये ही झेप सुमारे ४ नॅनोमीटरपर्यंत दाखवली. बोल्ट यांच्या १९५६ च्या दाबप्रयोगांशी विद्युत् द्विस्तर सिद्धांत (थरांवरील ऋणभार आणि त्याभोवती जमलेले आयन यांवरून दाब काढणारा) बराच जुळला, तरी कॅल्शियमच्या बाबतीत तो अपुरा पडतो. अगदी जवळच्या थरांत आयनांचे जलयोजनच, म्हणजे आयनांनी स्वतःभोवती पाण्याचे रेणू ओढून धरणेच, निर्णायक असावे, हे मत अधिक ग्राह्य आहे.

भार उतरवताना नमुना चढत्या भाराच्या वाटेने परत येत नाही. वाळण्यातील आकसण वेगळ्या चाचणीने, आकुंचन मर्यादेवरून (ज्या ओलाव्याखाली माती आणखी आकसत नाही त्यावरून), ठरवतात. अणुकचऱ्याभोवती खडकात कोंडलेल्या बेंटोनाइटासाठी (माँटमोरिलोनाइटबहुल मातीसाठी) न फुगू देण्याची रीतच योग्य, कारण तेथे फुगायला जागाच नसते.