कॉलेजची फी: कुठली रक्कम जाते, कुठली परत येते, कुठली भरावीच लागत नाही

फी भरायला केगावला विद्यापीठात जायची बहुतेकांना गरज नसते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आवारातल्या संकुलांत प्रवेश असेल तरच फी विद्यापीठाकडे भरायची. संलग्न महाविद्यालयांची फी त्या-त्या महाविद्यालयातच भरली जाते. इंजिनिअरिंग, फार्मसीला कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून जागा मिळाली असेल तर जागा स्वीकारल्याचं शुल्क सीईटी सेलच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या) पोर्टलवर वेगळं भरतात. ते भरलं म्हणजे प्रवेश झाला असं समजून बरेच जण निर्धास्त राहतात. तसं नसतं. मुदतीत महाविद्यालयात जाऊन कागदपत्रं आणि फी दिली तरच प्रवेश पक्का होतो.

आता पावती. खाली बेरीज एकच दिसते, पण वर आठ-दहा रकाने असतात: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विमा आणि तळाशी कुठेतरी ग्रंथालय अनामत, प्रयोगशाळा अनामत किंवा कॉशन मनी. याचे मनातल्या मनात तीन भाग करा: शिक्षण शुल्क, इतर शुल्क आणि अनामत. बहुतेक सरकारी सवलती शिक्षण शुल्कावर असतात. वडील जुन्या करपद्धतीने आयकर भरत असतील तर ८०सी ची वजावटही त्याच रकमेवर मिळते, विकास शुल्क किंवा देणगीवर नाही. आणि शिकून झाल्यावर हक्काने परत मागायची ती फक्त अनामत. अनामत शिष्यवृत्तीत धरली जात नाही, त्यामुळे फी माफ झालेल्यालाही ती खिशातून भरावी लागू शकते.

विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. तो मोबाइलवर काढूनच खिडकीसमोर उभं राहा. पावतीत न बसणारी रक्कम कुणी मागितली तर ती कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेली बेकायदा देणगी, ठरू शकते, आणि तिच्यावर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

सवलत कुणाला?

कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठं यातून वगळली आहेत. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच ऐकून आलेल्या पालकांची नेमकी इथे पंचाईत होते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिथेही मर्यादा ८ लाखांचीच, पण शुल्क निम्मं मिळतं आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. त्यातला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम ७ दिवसांच्या आत महाविद्यालयात भरायची असते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. एकदा ते पैसे घरखर्चात गेले की वर्षाच्या शेवटी फीसाठी धावाधाव होते.

हे सगळे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर, आणि दर वर्षी नव्याने नूतनीकरण. विडी कामगारांच्या मुलांसाठीची केंद्राची मदत मात्र राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो घरांना तिचा उपयोग आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमाला ती २५ हजारांपर्यंत जाते. त्यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, कॅपचं वाटपपत्र आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसीलदारांचा, जातीचा आणि नॉन-क्रिमिलेअर प्रांताधिकाऱ्यांचा, जात वैधता पडताळणी समितीची. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे छापलेलं असतं, ३१ मार्च उलटलेला दाखला घेऊन जाऊ नका. जून-जुलैत सेतूत गर्दी उसळते, त्यामुळे निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच अर्ज टाकलेला बरा.

सोलापूर सीमेवरचा जिल्हा. विजयपूर, कलबुर्गीकडून बारावी करून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. शेजारच्या तुळजापूरहून पदवी घेऊन एम.ए.ला इकडे आलात तरी तेच, कारण धाराशिव जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली येतो. कर्नाटकातल्या इंडी किंवा आळंदचे विद्यार्थी अक्कलकोटच्या नातेवाइकांकडे राहून शिकतात. राज्याच्या सवलतींना महाराष्ट्राचा अधिवास लागतो, नातेवाइकांचा पत्ता त्याला पुरत नाही.

पैसे कसे भरायचे?

शक्यतो ऑनलाइन. शिक्षण संस्थांसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली आहे, पण तुमच्या बँकेने ती लागू केली आहे का हे आदल्या दिवशी बघा. डीडी असेल तर ५० हजार आणि त्यावरचा डीडी बँक रोख घेऊन देत नाही, खात्यातूनच काढावा लागतो. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक घेऊन लेखा विभागात जा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँक परस्पर महाविद्यालयाच्या खात्यात रक्कम टाकते, त्यासाठी बोनाफाइड आणि फीचं विवरण आधी मागून घ्या.

प्रवेश रद्द केला तर

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर ५ टक्के आणि तेही ५ हजारांच्या आत कापता येतात. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० आणि नंतर काही नाही. अनामत मात्र पूर्ण परत द्यावी लागते. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीचं वेळापत्रक काढतं, म्हणून त्या वर्षाचं परिपत्रक बघून अर्ज करा. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, कारण दिवस मोजायचे ते त्या शिक्क्यावरच्या तारखेवरून. फी अडवायला मूळ गुणपत्रिका ठेवून घेता येत नाहीत. दाद मिळाली नाही तर महाविद्यालयाची तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठाचे लोकपाल, आणि यूजीसीचं ई-समाधान पोर्टल.

पदवीनंतर अनामत मागायला मूळ पावती, नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. ती किती वर्षांत मागायची याची मुदत माहितीपुस्तिकेत दिलेली असते. नोकरी लागून पुण्याला गेल्यावर त्या पैशांसाठी सहसा कुणी परत येत नाही. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणायला जाल तेव्हाच अर्ज देऊन या.