बाहुल्यांमधून शोकांतिका शिकवणं

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीस आणि युरिपिडीस, शिवाय शेक्सपिअर, यांची जुनी दुःखान्त नाटकं वर्गात नुसती वाचून दाखवण्याऐवजी मुलांनी स्वतः बाहुल्या बनवायच्या, त्या हलवायच्या, त्यांच्या तोंडी नाटकातलेच संवाद घालायचे आणि असं करत करत नाटक समजून घ्यायचं, अशी ही शिकवण्याची पद्धत आहे. साधारण १२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ती जास्त उपयोगी पडते. अख्खं नाटक बसवलंच पाहिजे असं काही नाही, बऱ्याचदा एखाददुसरा प्रसंगच घेतात, आणि खरं शिकणं होतं ते तालमीत, "हिचा हात आत्ता वर जाईल की नाही" यावरून मुलांचे जे वाद होतात त्यात.

पपेट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर लहान मुलांना हसवणारा खेळ येतो, त्यामुळे एका बाजूला बाहुली आणि दुसऱ्या बाजूला ‘मॅकबेथ’ नाहीतर ‘अँटिगनी’ हे जमणार कसं असं वाटतं. पण बाहुलीला शोकांतिका मुळीच नवीन नाही.

बाहुली आणि शोकांतिका यांचं जुनं नातं

जपानमधलं बुनराकू, म्हणजे तिथलं पारंपरिक बाहुलीनाट्य, हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायू या गायक-निवेदकाने ओसाकात स्वतःचं बाहुलीनाट्यगृह काढलं आणि चिकामात्सु मोंझाएमोन या नाटककाराने त्याच्यासाठी नाटकं लिहिली. १७०३ मधलं ‘सोनेझाकी शिंजू’ हे त्याचं नाटक एका दुकानातला नोकर आणि त्याची प्रेयसी यांच्या एकत्र आत्महत्येवर आहे, अगदी नुकत्याच घडलेल्या खऱ्या घटनेवर बेतलेलं, आणि ते मोठ्या माणसांसाठी होतं. त्या वेळी एका बाहुलीला एकच माणूस हलवायचा, तिघांनी मिळून एक बाहुली चालवायची पद्धत १७३४ पासूनची. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय, आणि संवाद यातला कोणीच बोलत नाही, बाजूला बसलेला निवेदक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वर्गात तीच फार कामाला येते.

युरोपातही तसंच. इंग्लंडमध्ये १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहं बंद केली तेव्हा बाहुल्यांचे खेळ चालूच राहिले. शेक्सपिअरच्या काळातल्या मार्लो या नाटककाराचं ‘डॉक्टर फॉस्टस’ फिरत्या इंग्लिश नटांबरोबर जर्मनीत गेलं आणि तिथे बाहुल्यांच्या खेळात रुजलं, जर्मन कवी गटेने लहानपणी फाउस्टची, म्हणजे त्याच फॉस्टसची, गोष्ट अशीच बाहुल्यांच्या खेळातून ओळखली आणि मग आयुष्यभर त्याच विषयावर लिहीत राहिला. अलीकडचं बघायचं तर दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने १९९२ मध्ये चित्रकार-दिग्दर्शक विल्यम केंट्रिजबरोबर ‘वॉयझेक ऑन द हायव्हेल्ड’ केलं, म्हणजे ब्युखनरचं जर्मन नाटक लाकडी बाहुल्यांनी. पुढे लंडनच्या नॅशनल थिएटरमधल्या ‘वॉर हॉर्स’ या नाटकातले घोडे (२००७) याच कंपनीने बनवले. तेव्हा वर्गात बाहुली आणणं म्हणजे नाटक सोपं करून मुलांना भरवणं असं समजायचं कारण नाही.

बाहुलीच का

पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे. ज्युलिएटला अजून चौदावं पूर्ण झालेलं नाही असं नाटकातच सांगितलंय, म्हणजे वर्गातली मुलं साधारण तिच्याच वयाची. आता त्या वयाच्या मुलामुलींना सगळ्यांसमोर उभं करून प्रेमाचे संवाद म्हणायला लावले तर काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे, एकतर हशा नाहीतर मान खाली. बाहुली हातात असली की सगळ्यांचे डोळे तिच्याकडे जातात, बोलणाऱ्या मुलाकडे कोणी बघत नाही, आणि तोच मुलगा जो एरवी तोंड उघडत नाही तो रोमिओचा अख्खा उतारा म्हणून टाकतो.

दुसरं कारण ॲरिस्टॉटलनेच सांगून ठेवलंय. ‘काव्यशास्त्रा’त तो म्हणतो की ज्या गोष्टी प्रत्यक्षात बघवत नाहीत, जसं की किळसवाणे प्राणी किंवा प्रेतं, त्यांची हुबेहूब प्रतिमा मात्र आपण आवडीने बघतो, कारण बघताना आपण काहीतरी ओळखत असतो, शिकत असतो. बाहुली ही अशी प्रतिमा आहे. ती मेली तर कोणी मेलेलं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं तरी घशात काहीतरी अडकतं, आणि हे "माहीत असूनही" जे होतं ना, ते मुलांना अनुभवाने कळलं की करुणा आणि भीती, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मते शोकांतिकेने जागवायच्या दोन भावना, हे शब्द फळ्यावर लिहून समजवायची गरज उरत नाही.

तिसरं म्हणजे मुखवटा. ग्रीक नट मुखवटे घालायचे, चेहरा बदलत नसे, आणि सोफोक्लीसच्या काळात बोलणारे नट तीनच, त्यांच्यात सगळी पात्रं वाटून घ्यायची. बाहुलीचा चेहराही बदलत नाही. डोकं जरासं खाली झुकवलं की तोच चेहरा दुःखी दिसतो, वर केलं की हट्टी. मुलांना हे हाताने करून बघितल्यावर ग्रीक रंगभूमीबद्दल जे कळतं ते पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून कळणं अवघड आहे.

आणि चौथं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. शोकांतिकेतला मूळ झगडाच हा असतो की माणूस जे करतो ते त्याने निवडलेलं की आधीच ठरलेलं. बापाला मारून आईशी लग्न करशील हे भाकीत टाळायला इडिपस, ज्यांना तो आईवडील समजत होता त्यांच्यापासून, लांब पळतो आणि पळत पळत नेमका तिथेच पोचतो. हे नुसतं सांगितलं तर मुलं म्हणतात, मग त्याची काय चूक? पण बाहुली हातात धरल्यावर हा प्रश्न उलटा होऊन त्यांच्याकडेच येतो, कारण ही हलवतंय कोण ते तर उघड आहे, तरी बघणाऱ्याला वाटतं की तीच ठरवतेय. चांगला शिक्षक इथे उत्तर देत नाही, थोडं थांबतो आणि मुलांना भांडू देतो.

वर्गात कसं करतात

कळसूत्री बाहुली सुंदर असते पण दोऱ्या सांभाळायला शिकण्यातच सगळा वेळ जातो, म्हणून ती शक्यतो टाळतात. हातमोज्याच्या बाहुलीत चटकन मारामारी आणि विनोद येतो, तिचा स्वभावच तसा, त्यामुळे शोकांतिकेला ती तितकी चालत नाही. सगळ्यात सोयीची म्हणजे टेबलावर चालवायची कागदी बाहुली. तपकिरी पॅकिंगचा कागद चुरगाळून, पिळून, चिकटपट्टीने बांधून दोन-अडीच फुटांचं माणूस बनवायचं, डोकं, धड, हात, पाय, सांधे मोकळे ठेवायचे, डोळे-नाक काढायचं नाही. चेहरा कोरा ठेवला की बघणारा स्वतःच भाव भरतो. एका बाहुलीला तिघं, बुनराकूसारखं. बनवण्यात एक-दोन तासिका पुरे, नाहीतर कपडे, दागिने, केस यातच महिना जातो आणि नाटक राहून जातं, हे फार वेळा होतं.

मग हलवायच्या आधी तीन गोष्टी शिकवतात. श्वास, नजर आणि वजन. श्वास म्हणजे बाहुली काहीच करत नसली तरी तिची छाती हलकेच वरखाली व्हायला हवी, तिघांनी एकदमच श्वास घ्यायचा, त्यानेच ती जिवंत होते. नजर म्हणजे ती कुठे बघतेय ते स्पष्ट हवं आणि चालवणाऱ्यांनी प्रेक्षकांकडे न बघता तिच्याकडे बघायचं. वजन म्हणजे तिचे पाय टेबलाला टेकलेले हवेत, तरंगायला लागली की संपलं, तिचा कागद होतो.

संवाद म्हणणारी मुलं वेगळी, ती बाजूला संहिता घेऊन बसतात. यात दोघांचीही सोय होते, ज्याला वाचन जड जातं तो बाहुलीचा हात होऊन पूर्ण प्रसंगात असतो आणि ज्याला स्टेजवर यायची भीती त्याला फक्त आवाज द्यायचा असतो. संहिता कापावीच लागते, पण सोप्या भाषेत पुन्हा लिहून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आठ-दहा ओळी घ्या पण नाटकातल्याच घ्या. प्रत्येक ओळीला एक हालचाल शोधायची असल्यामुळे मुलं त्या ओळी इतक्या वेळा उलटसुलट करून बघतात की अवघड शब्दांचा अर्थ विचारल्याशिवाय त्यांचं पुढे जातच नाही.

सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ (इ.स.पू. ४४१ च्या सुमारास) सुरुवातीला घ्यायला फार चांगलं. पहिलाच प्रसंग दोन बहिणींचा, अँटिगनी आणि इस्मीनी, पहाटेच्या सुमारास राजवाड्याबाहेर. भावाला पुरायचं नाही असा राजा क्रेऑनचा हुकूम आहे आणि अँटिगनीने पुरायचं ठरवलंय. दोनच बाहुल्या, टेबल रिकामं. मुलांसमोर प्रश्न एवढाच ठेवायचा की प्रसंग सुरू होताना दोघींमध्ये किती अंतर आणि संपताना किती. एक गट म्हणतो अँटिगनी हात पुढे करते आणि इस्मीनी मागे सरते, दुसरा म्हणतो नाही, इस्मीनी शेवटपर्यंत तिच्याजवळच जायला बघते आणि अँटिगनीच पाठ फिरवते. दोन्ही करून बघायचं आणि संहितेत शोधायचं. शोधल्यावर सापडतं की इस्मीनी शेवटी तिला वेडी म्हणते आणि त्याच दमात आपल्या माणसांना तू प्रियच आहेस असंही म्हणते. मग परत बाहुल्या हातात. हे एवढं कसून वाचन एरवी त्या वयात कोणी आनंदाने करत नाही.

क्रेऑनसाठी काही जण मोठी बाहुली करतात. त्यापेक्षा त्याला चालवणाऱ्यांची संख्या बदलून बघावी, सुरुवातीला तिघं आणि शेवटी मुलगा-बायको दोघंही गेल्यावर एकच, म्हणजे त्याचे पाय आणि एक हात लोंबतात, त्याला धड उभंही राहता येत नाही. कोरस, म्हणजे नाटकात जे घडतं त्यावर एकत्र बोलणारा समूह, तो उरलेला वर्ग. ग्रीक कोरस सोफोक्लीसच्या वेळी १५ जणांचा असायचा, त्यामुळे कोणालाही नुसतं बसवून ठेवायची वेळ येत नाही.

भुतांसाठी छायाबाहुली उत्तम. ‘मॅकबेथ’मध्ये मेजवानीत बॅन्कोचं, म्हणजे मॅकबेथनेच मारवलेल्या मित्राचं, भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं, ते फक्त त्यालाच दिसतं. मागे एक चादर, टॉर्च, पुठ्ठ्याची आकृती, आणि टेबलावरच्या बाकीच्या बाहुल्यांनी तिकडे चुकूनही बघायचं नाही. नजरेचा धडा इथे वसूल होतो.

मरण कसं दाखवायचं

माणूस नट मरतो तेव्हा तो श्वास घेत असतो हे आपल्याला दिसतं. बाहुलीचं तसं नाही. तिघांनी एकेक करून हात काढायचे, आधी पाय, मग हात, डोकं सगळ्यात शेवटी, आणि डोकं टेबलावर अलगद ठेवून हात मागे घ्यायचा की ती खरंच नुसती वस्तू होते. वर्गात एरवी कितीही गोंधळ असला तरी इथे मुलं गप्प होतात. चालवणाऱ्यांनी लगेच पळ काढू नये, तिथेच दोन-तीन श्वास उभं राहावं. यात घाई झाली तर हसू येतं आणि मग पुन्हा तो प्रसंग उभा राहत नाही.

पण काय दाखवायचं नाही हेही ग्रीकांकडूनच शिकावं. इडिपसची आई जोकास्टा हिचं मरण, इडिपसने स्वतःचे डोळे फोडणं, युरिपिडीसच्या नाटकातल्या मीडियाने आपल्याच मुलांना मारणं, यातलं काहीच प्रेक्षकांसमोर घडत नाही, कोणीतरी येऊन सांगतं नाहीतर आतून किंकाळ्या ऐकू येतात. इडिपस परत येतो तेव्हा मुखवटा बहुधा बदललेला असायचा. बाहुलीच्या डोळ्यांच्या जागी गडद कापडाची पट्टी बांधून तिला परत आणलं की काम झालं, लाल रंग ओतायची काही गरज नाही.

कुठे जपायचं

या नाटकांत आत्महत्या खूप आहेत. अँटिगनी, क्रेऑनचा मुलगा हेमॉन, त्याची बायको म्हणजे हेमॉनची आई युरिडिसी, रोमिओ, ज्युलिएट, सगळेच. जपानमध्ये चिकामात्सुची प्रेमी युगुलांच्या आत्महत्येची नाटकं इतकी चालली की पुढे सरकारने अशा नाटकांवर बंदीच घातली, तेव्हा बाहुल्या आहेत म्हणून परिणाम होत नाही असं समजू नये. शिक्षकाने प्रसंग आधी सांगून ठेवायचा, कोणाला नको असेल त्याला कारण न विचारता दुसरं काम द्यायचं, घरात नुकताच कोणाचा मृत्यू झालेलं मूल असेल तर त्याच्याशी आधीच वेगळं बोलायचं. आत्महत्येची कृती बाहुलीकडून करवून घ्यायची नाही, दूताच्या तोंडून सांगायची, तेही थोडक्यात, आणि ती सुंदर किंवा शूर दिसेल असं तर अजिबात करायचं नाही. तास संपायच्या आधी बाहुल्या खाली ठेवून दहा मिनिटं साधं बोलायला ठेवावीत.

आक्षेप

एक आक्षेप असा की बाहुलीमुळे भाषा मागे पडते, मुलांना हालचाल आठवते आणि ओळी नाही. संवाद सोपे करून घेतले की हे होतंच, म्हणून वर तो आग्रह. दुसरा वेळेचा, आणि तो खरा आहे. पूर्ण नाटकाचा अभ्यासक्रम असेल तर दोन प्रसंग बाहुल्यांनी आणि बाकीचं वाचून, असंच करावं लागतं. मोठ्या मुलांना सुरुवातीला हे बालिश वाटतं हेही खरं, पण त्यावर समजावत बसण्यापेक्षा श्वासाचा सराव आधी घ्यावा, कागदाचा तो गठ्ठा श्वास घेताना दिसला की बहुतेकांचा विरोध मावळतो.

गुण द्यायचे असतील तर बाहुली किती छान दिसते यावर देऊ नयेत. प्रत्येक गटाला तालमीची वही ठेवायला सांगतात, ओळ, निवडलेली हालचाल, सोडून दिलेली हालचाल आणि का सोडली. परीक्षेतल्या उत्तराला लागणारा सगळा मालमसाला त्या शेवटच्या रकान्यातच असतो.