फी भरणारं सरकार आणि शाळा चालवणारं सरकार

दरवर्षी आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळेत गरीब मुलांना मिळणाऱ्या मोफत जागांचे, फॉर्म निघाले की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी पालक कागदांच्या पिशव्या घेऊन येऊ लागतात. महापालिकेच्या मराठी शाळेत मी 28 वर्षं शिकवलं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, राहत्या जागेचा पुरावा कोणता चालतो, हे बाईंना विचारावं असं त्यांना वाटतं. मलाही ते आवडतं. एका वर्षी रिक्षा चालवणाऱ्या एका भाऊंच्या मुलाचं नाव खासगी शाळेच्या यादीत लागलं. ते पेढे घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, "बाई, फी सरकार भरणार म्हणजे ती शाळा सरकारचीच झाली ना? उद्या तिथं काही बिनसलं तर खंडेराव मार्केटात जाऊन सांगायचं?"

खंडेराव मार्केट म्हणजे आमची महापालिका. मी म्हटलं, "नाही भाऊ, शाळा त्यांचीच. सरकार तुमच्या मुलापुरते पैसे देणार, एवढंच." त्यांचा चेहरा जरा उतरला. पैसे देतो त्याचा शब्द चालतो, हा त्यांचा रोजच्या धंद्यातला हिशेब होता, आणि तो इथे लागू पडत नव्हता.

शिक्षण सरकारने द्यावं की बाजारावर सोडावं, असा वाद घालणारी शिकलेली माणसंही हीच गल्लत करतात. "सरकारने द्यावं" या दोन शब्दांत दोन निराळी कामं दडलेली असतात. एक काम शिक्षणाचा खर्च उचलण्याचं. दुसरं शाळा चालवण्याचं: शिक्षक नेमायचे, खोल्या बांधायच्या, पावसाळ्यात गळणारं छप्पर बघायचं, सकाळी कुलूप उघडायचं. पहिलं केलं की दुसरं आपोआप होत नाही आणि दुसरं केलं म्हणून पहिलं झालंच असंही नाही.

बडोद्यात फिरलात तर याचे सगळे प्रकार एका दुपारीत पाहता येतात. नगर प्राथमिक शिक्षण समितीची शाळा सरकारी पैशावर चालते आणि चालवणारी संस्थाही सार्वजनिकच. जिला आपण 'ग्रांटेड' म्हणतो ती शाळा असते ट्रस्टची, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. 'सेल्फ-फायनान्स' शाळेत चालवणारे खासगी आणि पैसे पालकांचे. चौथा प्रकार लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही: संस्था सरकारी कायद्याने उभी राहिलेली, पण जागेचे पैसे विद्यार्थ्याने मोजायचे. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या 'हायर पेमेंट'च्या जागा आठवा. आरटीईची जागा या चौकटीत सेल्फ-फायनान्सच्या घरात बसते, फक्त त्या एका बाकाचे पैसे सरकार भरतं.

आता बडोद्याचा इतिहास सांगायलाच हवा, कारण ही दोन्ही कामं एकाच राजाने केली आणि कुठे कोणतं करायचं ते ओळखून केली.

सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 साली तो कायदा सगळ्या संस्थानाला लावला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. इथे दरबाराने नुसते पैसे वाटले नाहीत, शाळा काढल्या आणि चालवल्या. कारण साधं होतं. काठेवाडातल्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती फीचे पैसे ठेवले असते, तर तो ते घेऊन गेला कुठे असता? गावात शाळाच नव्हती. गिऱ्हाईक आलं की दुकान उघडतं, हा नियम धान्याला लागू पडेल. पण चाळीस घरांच्या गावी मास्तर स्वतःहून येऊन राहत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी संस्थानाने 1880 च्या दशकातच शाळा काढल्या, तेव्हा सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात. तिथे तर पैसा असूनही माणूस मिळत नव्हता. म्हणून चालवण्याचीच जबाबदारी घ्यावी लागली.

त्याच महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. त्या बदल्यात परत आल्यावर संस्थानची 10 वर्षं नोकरी करण्याचा करार होता. इथे दरबाराने फक्त खर्च उचलला. कोलंबिया विद्यापीठ आधीच उभं होतं, उत्तम होतं, आणि त्याने या विद्यार्थ्याला घेतलं. बडोद्याने न्यूयॉर्कला कॉलेज काढण्याची काही गरज नव्हती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. तरी मला खरा धडा 1917 सालच्या प्रसंगात दिसतो. करारानुसार नोकरीसाठी बाबासाहेब बडोद्यात आले. परदेशी विद्यापीठातलं शिक्षण होतं, दरबारची नोकरी होती, भाडं देण्याची तयारी होती, आणि या अख्ख्या शहरात त्यांना खोली मिळाली नाही. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत काही दिवस काढले, तर लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. मग कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. मी शाळेची सहल तिथे नेत असे. मुलं विचारत, "बाई, पैसे होते ना त्यांच्याजवळ?" होते. पैसे देणाऱ्याकडे पैसे असूनही घेणाऱ्याने दार लावून घेतलं, तर नुसत्या खर्च उचलण्याने काहीच होत नाही. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कचं दार उघडलं, बडोद्याचं उघडलं नाही.

आरटीई लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती, असं मला वाटतं. शिक्षणहक्क कायदा 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्यातल्या 12 व्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळेला पहिलीच्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांना द्याव्या लागतात. पुष्कळ लोक याला 'व्हाउचर' समजतात. व्हाउचर म्हणजे सरकारने पालकाच्या हाती शिक्षणापुरती पैशांची चिठ्ठी द्यायची आणि पालकाने हवी ती शाळा गाठायची. पण त्या कल्पनेच्या मूळ रूपात शाळेलाही मूल निवडायची मुभा असते. आपल्या कायद्यात ती नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाचणी घेणं 13 व्या कलमाने बंद केलं आहे. म्हणजे सरकार पैसेही देतं आणि दार उघडायलाही लावतं. शाळा चालवणं मात्र तिच्याकडेच राहतं. सुप्रीम कोर्टाने 2012 साली ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याकांच्या शाळांना 2014 च्या निकालाने या कायद्यातून वगळलं.

व्हाउचरची कल्पना मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1955 साली मांडली. मुक्त बाजाराचा एवढा कट्टर पुरस्कर्ता, पण शिक्षणातून सरकारने हात काढून घ्यावा असं तो म्हणाला नाही. एका मुलाच्या शिक्षणाचा फायदा शेजाऱ्यालाही होतो, म्हणून किमान शिक्षण सक्तीचं करावं आणि खर्चही द्यावा. शाळा चालवायचा मक्ता मात्र सरकारने धरून ठेवू नये, असं त्याचं म्हणणं. त्याच्या कितीतरी आधी, 1859 साली, जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने असंच काही सांगितलं होतं: सरकारने शिक्षण सक्तीचं करावं, गरिबांची फी भरावी, पण सगळ्यांना एकाच साच्यात घालणाऱ्या शाळा स्वतः चालवू नयेत. अर्थशास्त्राचा जनक मानला जाणाऱ्या ॲडम स्मिथने 1776 साली वेगळी वाट काढली. परगण्यात छोटी शाळा सरकारने उभारावी, मास्तरला थोडा पगार सार्वजनिक पैशातून मिळावा आणि थोडी फी मुलांकडून, म्हणजे तो कामात ढिला पडणार नाही. बाजाराची बाजू घेणाऱ्या या तिघांपैकी एकही खर्च सोडून द्या म्हणत नाही. त्यांचा वाद चालवण्याबद्दल आहे. आपल्याकडच्या चर्चेत नेमकं हेच निसटतं.

उलट बाजूला जोतीराव फुले. 1882 साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी ठराविक वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली, रयतेच्या करातला पैसा उच्च वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो हे सांगितलं, आणि सरकारने शाळांमधून अंग काढून घेऊ नये असंही बजावलं. आयोगाने मात्र माध्यमिक शिक्षण खासगी संस्थांनी अनुदानावर चालवावं, प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांकडे जाव्यात, अशी शिफारस केली. आपली ग्रांटेड पद्धत त्या काळात रुजली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. बडोद्याचा दाखला ते पुन्हा पुन्हा देत. त्यांच्या योजनेत शाळा चालवायच्या स्थानिक संस्थांनी, आणि खर्चाचे दोन भाग सरकारने, एक भाग त्या संस्थांनी सोसायचा. 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी विधेयक पडलं. एका संस्थानात चालू असलेली गोष्ट ब्रिटिश हिंदुस्थानला परवडणार नाही, असं तेव्हा ठरलं.

बाहेरच्या देशांतलं एकच उदाहरण देते, कारण ते स्वच्छ आहे. नेदरलँड्समध्ये 1917 पासून सरकारी आणि धार्मिक वा इतर खासगी संस्थांच्या शाळांना सारखाच सरकारी पैसा मिळतो, आणि तिथली बहुसंख्य मुलं खासगी संस्था चालवतात त्या शाळांत शिकतात. त्या शाळांना बाजार म्हणता येत नाही. फीची बोली नाही, नफा नाही, अभ्यासाची परीक्षा सरकारी.

म्हणजे 'खासगी' आणि 'बाजार' हेही दोन शब्द एक नव्हेत. बाजारात किंमत विकणारा ठरवतो. गुजरातमध्ये 2017 च्या कायद्याने सेल्फ-फायनान्स प्राथमिक शाळेला वर्षाला 15,000 रुपयांच्या वर फी घ्यायची तर फी नियमन समितीची मंजुरी लागते. 2002 साली सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की शाळा चालवणाऱ्याला वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही. तेव्हा ज्याला आपण रागाने 'शिक्षणाचा बाजार' म्हणतो, तोही कायद्याने पुरता बाजार नाही. नियम घालणं हे सरकारचं तिसरं काम, पण त्यात फार शिरत नाही.

माझं मत लपवायचं कारण नाही. सरकारने खर्च उचलावा, याबद्दल मला शंका नाही, आणि एखादा ट्रस्ट शाळा चांगली चालवत असेल तर त्याला अनुदान मिळावं, हेही पटतं. पण महापालिकेच्या शाळा बंद होत जाव्यात आणि सगळ्यांना फी मिळावी, असं कोणी सुचवलं की माझ्या पोटात गोळा येतो. एक तर आरटीईतल्या परताव्याचा हिशेबच सरकारी शाळेवर बसवलेला आहे: सरकार एका मुलावर जेवढा खर्च करतं तेवढे पैसे, किंवा शाळेची खरी फी, यांतलं जे कमी असेल ते खासगी शाळेला मिळतं. सरकारी शाळाच नीट चालल्या नाहीत तर हे माप कशाने घ्यायचं?

दुसरं कारण माझ्या जिव्हाळ्याचं आहे. बडोद्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण मराठी माध्यमाची नवी शाळा काढायला पैसेवाला पुढे आलेला मी तरी पाहिला नाही. गिऱ्हाईक थोडं, आणि तेही गरीब. मराठी माध्यमात शिकवणाऱ्या ज्या शाळा आहेत त्या महापालिकेच्या किंवा जुन्या ट्रस्टांच्या. माझ्या वर्गात मकरपुऱ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं असत, खानदेशातून आलेल्या मजुरांची असत, आणि वर्षाच्या मध्ये आई-बापांचं काम हललं की नाव काढून जात, पुन्हा येत. फी कोणी भरायची हा त्यांचा प्रश्न नव्हता. दिवाळीनंतर परत आल्यावर पटावर नाव घेणारं कोणीतरी हवं होतं. ते काम शाळा चालवणाऱ्याचं.

त्या रिक्षावाल्या भाऊंचा मुलगा चांगला शिकला. मध्ये गणवेशावरून आणि सहलीच्या पैशांवरून शाळेत कुरबुरी झाल्या, तेव्हा मी त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज द्यायला पाठवलं, कारण पैसे देणाऱ्याने शाळेला जाब विचारायची जागा ती. मग तो आठवी पास झाला. कायद्याची हद्द तिथे संपते. एप्रिलच्या उन्हात भाऊ पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"बाई, नववीची फी आता माझ्या अंगावर. झेपायची नाही."

मी त्यांना रावपुऱ्याच्या बाजूच्या एका ग्रांटेड शाळेबद्दल सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे चालवणार ट्रस्ट, मास्तरांचा पगार सरकारचा," ते स्वतःच म्हणाले. मग खिशातून पेन काढून शाळेचा पत्ता लिहून घेतला आणि फॉर्म किती वाजेपर्यंत मिळतो ते विचारलं.